आंबटकाळ्या द्राक्षाचा जर्मन बाजार

जर्मनीतील हेस्से राज्यात, फ्रँकफुर्टच्या वायव्येला, टाउनुस डोंगररांगेच्या पायथ्याशी एश्बॉर्न हे शहर वसले आहे. त्याची लोकसंख्या वीस-बावीस हजारांच्या घरात असली तरी कामाच्या दिवशी तेथे येणाऱ्या नोकरदारांची संख्या रहिवाशांहून अधिक भरते, कारण व्यवसायकराचा दर शेजारच्या महानगरापेक्षा कमी ठेवून या नगरपालिकेने मोठमोठ्या कंपन्यांना आपल्याकडे ओढून घेतले आहे. जर्मन शेअर बाजार चालवणारी ‘डॉयचे बोर्झे’ ही कंपनी 2010 साली येथे आली, परदेशांतील विकास-सहकार्याचे काम पाहणाऱ्या ‘जीआयझेड’ या सरकारी संस्थेचे एक मुख्यालय येथे आहे, आणि देशाबाहेर कोणता माल जाऊ द्यायचा व कोणता नाही हे तपासणारे ‘बाफा’ हे केंद्रीय कार्यालयही येथेच आहे. द्राक्षमळ्यांसाठी हे शहर ओळखले जात नाही. तरीही ग्रीसच्या एका देशी द्राक्षाची हकीगत एश्बॉर्नसारख्या ठिकाणापासून सांगायला घेणे वावगे ठरू नये, कारण ‘स्थानिक’ म्हणून मिरवणारी वाइन जितकी तिच्या मातीत घडते तितकीच ती विकत घेणाऱ्या परक्या गावातही घडत असते, आणि ग्रीक वाइनच्या बाबतीत ते परके गाव दीर्घकाळ जर्मन राहिले आहे.

हे द्राक्ष म्हणजे क्सिनोमाव्रो. नावाचा अर्थ ‘आंबटकाळे’ असा सरळ आहे. उत्तर ग्रीसमधील मॅसिडोनिया प्रांतात, वेर्मियो पर्वताच्या आग्नेय उतारांवर नाउसा नावाचे गाव आहे आणि या गावाच्या नावाने विकली जाणारी लाल वाइन कायद्याने केवळ याच एका द्राक्षापासून करावी लागते. ग्रीसमध्ये आजही लागवडीत असलेल्या किंवा जतन केलेल्या देशी द्राक्षजातींची संख्या 300 च्या आसपास धरली जाते, पण त्यांतील बहुसंख्य जाती एखाद्या बेटाच्या किंवा खोऱ्याच्या सीमेबाहेर कधी पोचल्याच नाहीत. लाल वाइनपुरते बोलायचे तर देशाबाहेर नाव झाले ते मुख्यतः दोघांचे, दक्षिणेकडील पेलोपोनेसमधल्या नेमेआ येथील आयोरयीतिकोचे आणि नाउसाच्या क्सिनोमाव्रोचे. त्यांपैकी आयोरयीतिको हे मवाळ, गडद रंगाचे आणि कोणत्याही साच्यात बसणारे द्राक्ष आहे. क्सिनोमाव्रोचा स्वभाव नेमका उलटा.

हे द्राक्ष उशिरा, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पिकते, त्यामुळे शरद ऋतूतील पावसाची टांगती तलवार त्यावर कायम असते. वेलीची वाढ जोमदार असते आणि ती मोकळी सोडली तर झाडोरा माजतो पण घडात जीव राहत नाही. भुरी आणि घडकूज या दोन्ही रोगांना ते लवकर बळी पडते आणि दुष्काळाचा ताणही त्याला फारसा सोसत नाही. सालीत रंगद्रव्य कमी आणि टॅनिन मात्र भरपूर, अशी या द्राक्षाची रचना आहे. टॅनिन म्हणजे साल व बिया यांतून रसात उतरणारे तुरट द्रव्य. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आवळून येते तो परिणाम त्याचाच. त्यामुळे क्सिनोमाव्रोची वाइन दिसायला फिकट असते, काही वर्षांतच तिचा लाल रंग विटकरीकडे झुकतो आणि पाहणाऱ्याला ती दुबळी वाटते, परंतु तोंडात घेताच आम्लता आणि तुरटपणा यांचा असा मारा होतो की सवय नसलेला माणूस पेला खाली ठेवतो. तिचा गंधही फळाचा कमी आणि स्वयंपाकघराचा जास्त आहे: टोमॅटो, ऑलिव्ह, वाळवलेले आलुबुखार, मसाले. जाणकार तिची तुलना इटलीतील बारोलो या वाइनच्या नेब्बिओलो द्राक्षाशी करतात. या दोन जातींचे नाते सिद्ध झालेले नसले तरी रंग, आम्लता, टॅनिन आणि उशिरा पक्व होण्याची खोड पाहता ही तुलना गैर म्हणता येत नाही.

ग्रीक वाइनच्या जाहिरातीत डायोनायसस या मद्यदेवतेला आणि हजारो वर्षांच्या परंपरेला हटकून बोलावले जाते. नाउसाच्या बाबतीत मात्र या प्राचीनतेवर भर देणे दिशाभूल करणारे आहे, कारण आज जी नाउसा बाटलीत मिळते ती मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची निर्मिती आहे. ऑटोमन काळात या गावच्या वाइनला नाव होते हे खरे, परंतु 1822 मधील उठावानंतर गाव उद्ध्वस्त झाले आणि पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी फिलोक्सेराने मळे पोखरले. फिलोक्सेरा हा वेलीच्या मुळांवर जगणारा, मावा किडीच्या जातकुळीतील सूक्ष्म कीटक अमेरिकेतून युरोपात आला आणि त्याने या खंडातील बहुतेक सर्व द्राक्षशेती उलथवून टाकली. त्यावर उपाय एकच सापडला, तो म्हणजे त्याला तोंड देऊ शकणाऱ्या अमेरिकन जातीच्या खुंटावर देशी डोळा भरून कलम करणे. महाराष्ट्रातील बागायतदार आज डॉगरिज खुंटावर कलम करतो ते क्षार आणि पाणीटंचाई यांच्यापायी, परंतु तंत्र तेच आहे. नाउसात हे पुनर्रोपण लगेच झाले नाही. युद्धे झाली, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली, आणि ज्या जमिनीत वेल होती तेथे पीच व सफरचंदाच्या बागा उभ्या राहिल्या, कारण फळाला रोखीचा भाव होता आणि आंबटकाळ्या द्राक्षाला नव्हता.

हे द्राक्ष टिकले त्याचे श्रेय व्यापाऱ्याला द्यावे लागते. बुतारी या घराण्याने 1879 पासून नाउसाच्या वाइनचा व्यापार केला, आणि त्याच घराण्यातील यानिस बुतारिस यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस यानाकोहोरी येथे, मळ्यांचा व्यवसाय बुडीत समजला जात असताना, नव्याने क्सिनोमाव्रोची लागवड केली. 1971 साली ग्रीसने उगमनामाचा कायदा केला. उगमनाम म्हणजे विशिष्ट प्रदेशाचे नाव लावण्याचा कायदेशीर हक्क, ज्याच्या बदल्यात उत्पादकाने जात, सीमा आणि पद्धत यांची बंधने मान्य करायची असतात. पहिल्या यादीतच नाउसा आणि नेमेआ ही दोन्ही नावे होती. ऑलिंपस पर्वताच्या उतारावरील राप्सानीत क्सिनोमाव्रोला क्रासातो व स्ताव्रोतो या द्राक्षांची जोड द्यावी लागते, तर गुमेनिसात निदान पाचवा हिस्सा नेगोस्का या द्राक्षाचा असावा लागतो. परंतु निव्वळ क्सिनोमाव्रोची लाल वाइन करण्याचा हट्ट नाउसाचा, आणि अधिक उंचावरील आमिंदेओचा.

याच सुमारास एश्बॉर्नच्या परिसरात दुसरीच हालचाल सुरू होती. 30 मार्च 1960 रोजी पश्चिम जर्मनी आणि ग्रीस यांच्यात कामगारभरतीचा करार झाला आणि नोव्हेंबर 1973 मध्ये भरती थांबेपर्यंत लाखो ग्रीक कामगार जर्मन कारखान्यांत आले. एश्बॉर्नपासून हाकेच्या अंतरावर, फ्रँकफुर्टच्या हद्दीत, हेक्स्ट हा रासायनिक उद्योगाचा उपनगरी भाग आहे. मुलुंडमध्ये एकेकाळी औषधनिर्मितीचा कारखाना चालवणाऱ्या ज्या ‘हेक्स्ट’ कंपनीचे नाव मुंबईकरांच्या एका पिढीला परिचित आहे, तिचे मूळ गाव तेच. अशा कारखान्यांच्या भोवती ग्रीक वस्ती वाढली आणि पुढे कामगारांपैकी काहींनी खाणावळी काढल्या. जर्मन मध्यमवर्गाने या खाणावळींना इतके आपलेसे केले की गावातील ग्रीक उपाहारगृह ही जर्मन जीवनाचीच एक संस्था होऊन बसली. ऑस्ट्रियन गायक उडो युर्गेन्स यांचे 1974 मधील ‘ग्रीशिशर वाइन’, म्हणजे ‘ग्रीक वाइन’, हे गाणे परदेशात राबणाऱ्या कामगारांच्या घरओढीचे आहे. लोकप्रिय मात्र ते मेजवानीत एका सुरात म्हणण्याचे गाणे म्हणून झाले, आणि वाइनचेही काहीसे तसेच झाले.

खाणावळीत ग्रीक वाइन म्हणून जे मिळाले त्यात पाइनच्या राळेचा वास असलेली रेत्सिना होती, निमगोड ‘इमिग्लिकोस’ होती, सामोस बेटाची गोड मस्कत होती आणि माव्रोदाफ्ने ही काळसर, गोड वाइन होती. यांतील शेवटच्या वाइनच्या जन्मात जर्मन हात सरळ दिसतो. बव्हेरियन राजपुत्र ओटो 1830 च्या दशकात स्वतंत्र ग्रीसचा राजा झाल्यानंतर जर्मन व्यापारी या देशात येऊ लागले. त्यांपैकी बव्हेरियाचा गुस्ताव क्लाउस हा मनुकांच्या निर्यातीच्या धंद्यासाठी पात्रासला आला आणि 1861 मध्ये त्याने ‘आखाइया क्लाउस’ ही वाइननिर्मितीची संस्था काढली. माव्रोदाफ्ने हे देशी द्राक्ष त्याने किण्वन मध्येच मद्यार्क घालून थांबवण्याच्या, म्हणजे पोर्ट वाइनच्या, रीतीने वापरले, त्यामुळे रसातील साखर शिल्लक राहून वाइन गोड होते. उत्तर युरोपच्या जिभेला ग्रीस म्हणजे गोड, स्वस्त आणि सुट्टीची आठवण देणारे पेय असे समीकरण त्यातून रुजले. नाउसाची कोरडी, आंबट, तुरट बाटली या समीकरणात कोठे बसणार होती? ती जेवणाच्या यादीत तळाला राहिली आणि तिच्या जागी जेवणानंतरचा फुकटचा ऊझो, म्हणजे बडीशेपेच्या वासाचे ग्रीक मद्य, मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला.

क्लाउस ज्या मनुकांच्या व्यापारात आला त्याची गोष्ट सांगली-तासगावच्या वाचकाने विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. फ्रान्सचे मळे फिलोक्सेराने ओस पडले तेव्हा फ्रेंच कारखानदार ग्रीक मनुका भिजवून त्यांच्यापासून वाइन करू लागले, त्यामुळे मागणी वाढली आणि पेलोपोनेसमध्ये ऑलिव्हची झाडे तोडून काळ्या मनुकांचे वेल लावले गेले. फ्रेंच मळे कलमांवर पुन्हा उभे राहताच फ्रान्सने आयातकर वाढवला, भाव कोसळले, आणि 1893 मध्ये ग्रीस देशाचेच दिवाळे निघाले. त्यानंतर हजारो शेतकरी कुटुंबांनी अमेरिकेची वाट धरली. एकाच परक्या बाजारावर विसंबलेल्या एकाच पिकाचा असा अंत अनपेक्षित म्हणता येत नाही.

पीक बदलण्याचा हा अनुभव एश्बॉर्नच्या प्रदेशालाही नवा नाही. फ्रँकफुर्टच्या भोवती एकेकाळी द्राक्षमळे पसरलेले होते. थंडीची शतके, रोग आणि युद्धे यांनी ते मागे हटले आणि त्यांच्या जागी सफरचंदे आली. आज या भागाचे खरे लोकपेय ‘आप्फेलवाइन’, म्हणजे सफरचंदाच्या रसाचे आंबट मद्य हे आहे, आणि ते निळ्या नक्षीच्या दगडी बुधल्यातून खाचांच्या पेल्यात ओतले जाते. फ्रँकफुर्ट शहरात लोरबेर्ग टेकडीवर नगरपालिकेचा जेमतेम सव्वा-दीड हेक्टरांचा रीस्लिंग या पांढऱ्या द्राक्षाचा मळा तेवढा उरला आहे. मोठे मळे पाहायचे तर एश्बॉर्नच्याच जिल्ह्यातील होखहाइमपर्यंत जावे लागते, ज्याच्या नावावरून इंग्रजांनी सगळ्या ऱ्हाइन वाइनला ‘हॉक’ म्हणायला सुरुवात केली. नाउसात पीचने जे केले ते येथे सफरचंदाने केले. फरक एवढाच की फ्रँकफुर्टने सफरचंदालाच आपली परंपरा म्हणून मान्यता दिली, नाउसाने द्राक्ष परत मागितले.

ग्रीक कर्जसंकट 2010 मध्ये चिघळले तेव्हा जर्मन वृत्तपत्रांतून ग्रीकांवर आळशीपणाचे आरोप होत होते आणि अथेन्समध्ये जर्मन धोरणाविरुद्ध निदर्शने होत होती. त्याच काळात ग्रीसमधील घरगुती मागणी आटल्याने उत्पादकांना निर्यातीकडे गांभीर्याने वळावे लागले. या वेळी त्यांनी फ्रेंच द्राक्षांच्या आडोशाला जाण्याऐवजी देशी जाती पुढे केल्या आणि आसिर्तिको, मोस्खोफिलेरो, आयोरयीतिको व क्सिनोमाव्रो या चार द्राक्षांना देशाचे दूत म्हणून उभे केले. नाउसात थिमिओपुलोस, दालामारा यांच्यासारख्या उत्पादकांनी लाकडी पिंपांचा जड वापर कमी केला, घड अधिक पक्व होऊ दिले आणि टॅनिनची धार बोथट केली. या बदलाबद्दल जुन्या रसिकांची कुरकुर असते, पण ती फारशी मनावर घेण्याजोगी नाही. ज्या वाइनला पिण्याजोगे व्हायला पंधरा वर्षे लागतात ती उपाहारगृहाच्या यादीत टिकत नाही. यानिस बुतारिस यांनी दरम्यान घराण्याची कंपनी सोडून 1997 मध्ये ‘किर-यानी’ हे स्वतंत्र नाव उभे केले होते. पुढे 2011 ते 2019 या काळात ते थेस्सालोनिकीचे महापौर होते आणि 2024 मध्ये त्यांचे निधन झाले.

निव्वळ क्सिनोमाव्रोचा दुसरा प्रदेश असलेल्या आमिंदेओचा उल्लेख येथे थोडा सविस्तर करायला हवा. समुद्रसपाटीपासून 600 मीटरहून अधिक उंचीवरील हे पठार तळ्यांनी वेढलेले असून ग्रीसच्या सर्वांत थंड वाइनप्रदेशांत गणले जाते. येथील जमीन रेताड आहे, आणि फिलोक्सेराला रेतीत हालचाल करणे कठीण जात असल्यामुळे कलम न केलेल्या, स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या जुन्या वेली येथे अजून सापडतात. क्सिनोमाव्रोची आम्लता येथे गुणात बदलते, म्हणून या प्रदेशाच्या उगमनामात लालसोबत गुलाबी आणि फेसाळ वाइनलाही स्थान आहे. मात्र याच पठाराला लिग्नाइटच्या, म्हणजे हलक्या प्रतीच्या तपकिरी कोळशाच्या, उघड्या खाणींनीही वेढले आहे. 2017 च्या जूनमध्ये येथील खाणीत प्रचंड भूस्खलन होऊन आनार्गिरी हे गाव रिकामे करावे लागले. कोळसा बंद करण्याचे ग्रीसचे धोरण ठरले आहे, आणि खाणीचा रोजगार गेल्यावर द्राक्षे तो भरून काढतील अशी आशा बोलून दाखवली जाते. वीजकेंद्रावरील पगार आणि मळ्यातील हंगामी मजुरी यांतील अंतर पाहता ती आशा भाबडी आहे.

इकडे एश्बॉर्नमध्ये वाइन विकत घेणे ही किराणा घेण्याइतकी साधी क्रिया आहे. जर्मनीत साध्या, न फसफसणाऱ्या वाइनवर उत्पादनशुल्क शून्य आहे, तर फसफसणाऱ्या ‘झेक्ट’वर 1902 साली कैसरच्या आरमारासाठी बसवलेला कर, आरमार बुडून शतक उलटले तरी, आजही वसूल होतो. बाटलीवर उगमनामाचा निर्देश असतो आणि युरोपीय संघाच्या नियमानुसार 8 डिसेंबर 2023 नंतर तयार झालेल्या वाइनबाबत घटक व पोषणमूल्येही सांगावी लागतात. फ्रँकफुर्टच्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी जे वाइन घेतात त्यांच्यासाठी क्सिनोमाव्रो हा रीस्लिंगपेक्षा अवघड पण अधिक रुचिपूर्ण पर्याय ठरू शकतो. तिखटजाळ तांबड्या रश्शाबरोबर मात्र तिच्या वाटेला जाऊ नये, कारण मिरची टॅनिनचा तुरटपणा आणि मद्यार्काचा दाह दोन्ही वाढवते. टोमॅटो, वांगे, दाणे, सुके खोबरे आणि मंद मसाल्याचे मटण यांच्याशी तिचे चांगले जमते, आणि भरल्या वांग्याइतका तिला साजेसा मराठी पदार्थ दुसरा शोधूनही सापडणार नाही.

महाराष्ट्राकडे पाहिले तर देशीपणाचा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. भोकरी, फकडी यांसारख्या जुन्या जाती नाशिक परिसरातून केव्हाच मागे पडल्या. त्यांची जागा थॉमसन सीडलेसने घेतली, जी भूमध्यसागराच्या पूर्वेकडील व मध्यपूर्वेतील सुलतानिना या बिनबियांच्या जातीचे कॅलिफोर्नियात रूढ झालेले नाव आहे. तिच्यातून तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ निवडली, सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ काढली, पुढे ‘माणिक चमन’ आली. बागेत उभ्या असलेल्या हजारो वेलींपैकी एका वेलीचा लांबट मणी हेरून त्याच काडीची वाढ करणे, हे काम प्रयोगशाळेने नव्हे, शेतकऱ्याच्या नजरेने केले. ग्रीक मळ्यांतही जाती अशाच घडल्या असणार, फक्त तेथे निवडणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. या हिशेबाने तास-ए-गणेश नाउसाच्या द्राक्षाइतकीच ‘देशी’ म्हणावी लागेल. ती वाइनची नसून खाण्याची आणि बेदाण्याची आहे, एवढाच काय तो फरक.

वाइनसाठी मात्र महाराष्ट्राने परकी जात जशीच्या तशी स्वीकारली. 1980 च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांच्या ‘शँपेन इंडाज’ने फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन केली, 1999 मध्ये नाशिकला राजीव सामंत यांनी ‘सुला’ उभी केली, 2001 मध्ये राज्याने द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क आखले गेले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले, पण त्या बाटलीत शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों, शेनिन ब्लां ही फ्रेंच द्राक्षे असतात, किंवा झिनफँडेल असते, जे कॅलिफोर्नियाने आपले म्हणून मिरवले आणि डीएनए चाचणीने क्रोएशियाचे ठरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काताव्बा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून ‘एआरआय 516’ हे वाण काढले आहे, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ हे गडद रसाचे वाण दिले आहे. दोन्हींचा पहिला उपयोग रसासाठी आहे.

राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2022 मध्ये 1000 चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवण्यास मुभा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे हित आणि घराघरांत शिरणारे व्यसन अशा दोन बाजूंनी वाद पेटला आणि विरोधानंतर निर्णय अमलात आला नाही. व्यसनाची भीती अनाठायी नव्हती, पण या वादात कोणत्या शेतकऱ्याचे कोणते द्राक्ष, हा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही. बाटलीतले द्राक्ष वाइन कंपनीशी करार केलेल्या मोजक्या बागांतून येते, आणि तास-ए-गणेश पिकवणाऱ्या तासगावच्या बागायतदाराचे उत्पन्न त्याने वाढत नाही. युरोपच्या बाजाराशी या बागायतदाराचा संबंध वेगळ्याच वाटेने आला. 2010 च्या हंगामात वाढनियंत्रक म्हणून वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वॅटचे, म्हणजे बागेत ‘सीसीसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडवले गेले आणि निर्यातदारांबरोबर शेतकरीही बुडाले. निर्यातीच्या प्रत्येक बागेची ‘ग्रेपनेट’ या प्रणालीत नोंद असते, त्यामुळे जर्मनीतील दुकानात पोचलेल्या खोक्याचा माग त्या बागेपर्यंत काढता येतो. नाउसाच्या बाटलीवरील उगमनाम ग्राहकाला चवीची हमी देण्यासाठी असते. नाशिकच्या खोक्यावरील नोंदीचा उपयोग दोष निघाल्यास तो कोणाच्या माथी मारायचा हे ठरवण्यासाठी होतो, आणि चांगल्या द्राक्षासाठी त्या बागेचे नाव विचारणारा ग्राहक एश्बॉर्नमध्ये अजून निर्माण झालेला नाही.